गेणू मिस्त्रींची दहा बोटं

काम संपलं की गेणू मिस्त्री बोटं मोजायचे. हत्यारं पुसून गोणपाटात गुंडाळली की दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरायचे आणि एकेक बोट मिटत मोठ्यानं म्हणायचे, "येक, दोन, तीन..." दहावं बोट मिटलं की दोन्ही मुठी कपाळाला लावायचे आणि मगच तंबाखूची चंची सोडायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. साठीच्या घरातला माणूस आणि बिगरीतल्या पोरासारखी बोटं मोजतोय. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "हस लेका, हस. चाळीस वर्सं लाकडात हाय मी. माज्या वयाचा धा बोटांचा सुतार ह्या मुलखात दुसरा दाव, तुजी सायकल धुऊन दीन."

मी खरंच शोधत बसलो. चाकणच्या बाजारात, तळेगावला, चिंचवडला, कुठेही सुतार दिसला की आधी त्याच्या हातांकडे बघायचो. कुणाचं पेर गेलेलं, कुणाचं नख गेलेलं, कुणाचं बोट वाकडं बसलेलं. माझी सायकल शेवटपर्यंत मीच धुतली.

आमचं गाव चाकणहून इंद्रायणीकडे येताना आडबाजूला लागतं. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, आणि शेतावर भागत नाही अशी आमच्यासारखी तरणी माणसं सायकली काढून तिकडे जायला लागली होती. मी देहूरोडला लष्कराच्या डेपोत लाकडी पेट्या ठोकायच्या कामाला होतो. हातोडा आणि खिळा एवढ्या भांडवलावर मी स्वतःला सुतारकामातला जाणकार समजत असे. गेणू मिस्त्रींचा मांडव गावात भैरवनाथाच्या देवळामागे, चिंचेखाली. माणूस ठेंगणा, खांद्यानं रुंद, डोक्याला मळकं मुंडासं आणि कानावर पेन्सिलीचं थोटूक. लिहिता येत नव्हतं, पण पेन्सिलीवाचून त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्याकडे मी नक्षीकाम शिकायला गेलो ते कलेच्या ओढीनं नाही. उगाच मोठेपणा कशाला घ्यायचा? मला एका माणसाचं तोंड लाकडात कोरायचं होतं आणि ते सगळ्या गावाच्या पायाखाली घालायचं होतं.

तो माणूस म्हणजे बाळाशेट. आमच्याच गावचा, पण चिंचवडला त्याची लाकडाची वखार होती, आणि वखारीत ऑइल इंजिनावर फिरणारी करवतीची चक्री. माझा थोरला भाऊ किसनदादा त्या चक्रीवर कामाला होता. चक्रीच्या पात्यावर एक लोखंडी टोप असतो, हात आत जाऊ नये म्हणून. टोप असला की मोठा ओंडका बसत नाही, काम हळू होतं. बाळाशेटनं तो काढायला लावला. दोन महिन्यांनी दादाच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

निरोप मिळाला तसा मी डेपोतून सायकल मारत वखारीत पोचलो. दादाला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं होतं. चक्रीखालच्या भुश्शाचा लाल चिखल झाला होता. आणि कोपऱ्यात तो टोप उलटा पडला होता, त्यात मांजर व्याली होती. तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. आत चिंध्या, पालापाचोळा, सगळा संसार मांडलेला. म्हणजे टोप काही त्या सकाळी निघालेला नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी बाळाशेट गावात येऊन पारावर बसून सगळ्यांना सांगून गेला, "काय करणार, किसन प्यायलेला होता."

दादा माळकरी. कांद्याच्या मुलखात राहून कांदा न खाणारा माणूस. देवळात दर एकादशीला भजन व्हायचं, त्यात पखवाज दादाचा. बोटं गेली ती गेलीच, पण पारावरचं ते एक वाक्य गावात असं मुरलं की भजनी मंडळींनी दादाला निरोप धाडला, आधी माळ उतरून ठेव, मग बघू. ठरत आलेली सोयरीक मोडली. दादा कुणाशी भांडला नाही. मळ्यातल्या खोपटात जाऊन राहिला आणि हात उपरण्याखाली घेऊन बसायला लागला. मी मात्र आतून पेटलो होतो. मला बाळाशेटकडून दमडी नको होती. त्यानं त्याच पारावर, त्याच तोंडानं म्हणावं की किसन प्यायलेला नव्हता, एवढंच हवं होतं. ते तो मेला तरी म्हणणार नाही हे दिसत होतं. म्हणून ते तोंड मला पायाखाली हवं होतं.

आणि संधी चालून आली. देवळाच्या गाभाऱ्याची चौकट वाळवीनं पोखरली होती. गावानं ती नवी करायची ठरवलं, सागवान दिलं बाळाशेटनं, काम आलं गेणू मिस्त्रींकडे. देवळाच्या उंबऱ्यावर राक्षसाचं तोंड कोरायची पद्धत असते. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे, कीर्तिमुख म्हणतात त्याला. मी मनात म्हटलं, बाळाशेटच्याच लाकडात बाळाशेटचंच तोंड, आणि वर अख्ख्या गावाच्या टाचा. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

"मिस्त्री, मला नक्षी शिकवा," मी रविवारी जाऊन म्हटलं.

"तू तर पेट्या ठोकतूस ना डेपूत?"

"हो. लाकडाचंच काम आहे."

"पेटी ठोकनं म्हंजी लाकूडकाम न्हवं. खिळ्याला लाकडाशी बोलावं लागत न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि माझीही बोटं मोजली. "धा हायेत. जाशील तवाबी धाच असाया पायजेत. न्हाईतर तुजी आई माज्या दारात येऊन बसंल. येका लेकाचा हात गेला तेवढा बास झाला तिला."

दादाचं सगळं त्यांना मी तेव्हाच सांगितलं. टोपाचं, मांजराचं, सगळं. ते ऐकत राहिले, एकदा मान हलवली आणि म्हणाले, "बरं. सहान घे म्होरं."

पुढचे चार रविवार मी पटाश्यांना धार लावली. दुसरं काही नाही. दगडी सहाणेवर पाणी शिंपडायचं, पटाशी टेकवायची आणि घासत राहायचं. ते मधून येऊन धार आपल्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे आणि परत माझ्या पुढ्यात टाकायचे. पाचव्या रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला कोरायला शिकायचंय, सुऱ्या पाजळायला नाही. ते शांतपणे म्हणाले, "बोथट हत्याराला जोर लागतो, आन जोर आंधळा असतो. सदा, तुज्यात जोर लई हाय. म्हनूनच तुला धार शिकवतोय."

मग लाकूड हातात आलं. मी फळी डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्या हातानं पटाशी रेटायला लागलो, आणि चिंचेच्या फोकाचा असा एक सटका डाव्या मनगटावर बसला की डोळ्यांत पाणी आलं. "डावा हात कुठं हाय?" ते म्हणाले. तेव्हापासून ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की डेपोत पेट्या ठोकतानाही कानात वाजायचं. ते पाठमोरे रंधा मारत असायचे, आणि तिकडूनच विचारायचे, "सदा, डावा हात कुठं हाय?" तो बहुतेक वेळा नको तिथेच असायचा. मांडवातल्या जाड फळीला खुंट्या ठोकलेल्या होत्या. लाकूड त्यांच्यात अडकवायचं, पाचर मारून घट्ट करायचं, आणि दोन्ही हात हत्यारावर, धारेच्या मागे. "लाकूड धराया खुट्या हायेत, पाचरी हायेत. हात त्यासाठी न्हाई. धारेच्या म्होरं कुनाचा हात न्हाई. देवाचाबी न्हाई."

एकदा पटाशी फळीवरून घरंगळली आणि मी झेलायला हात घातला. ते आयुष्यात माझ्यावर एकदाच ओरडले, ते तेव्हा. पटाशी दगडावर पडली, तिची धार तुटली. ती त्यांच्या वडलांच्या वेळची होती. त्यांनी ती उचलली, बघितली आणि माझ्या हातात सहाण दिली. "पडती पटाशी धरायची न्हाई. लोखंडाला धार परत येती. बोट परत येत न्हाई."

माझ्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना मोगरीच्या आवाजावरून कळायचं. मोगरी म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी ठोकळा. बाळाशेटनं लष्कराच्या लिलावात एक जीप घेतली होती. ती गावात शिरली की मांडवापर्यंत आवाज यायचा, आणि माझे टोले बदलायचे. मिस्त्री उठून यायचे आणि हातातलं हत्यार काढून घ्यायचे. मग मी दिवेलागणीपर्यंत ढलप्या झाडत बसायचो आणि मनात बाळाशेटला शिव्या मोजायचो. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला राग येतच नाही का?" ते म्हणाले, "येतो की. पर त्यो मी घरी ठिवून येतो. हितं आनला तर त्योच हत्यार धरतो, मी न्हाई."

पहिला दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. मिस्त्रींनी सगळ्या पटाश्या, करवती, रंधे धुऊन पाटावर मांडले. मिस्त्रीणबाईंनी त्यांना तेलाचा हात लावला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी मला राख आणि चिंध्या दिल्या. "समद्या मुठी पुसून काढ. कोरड्या ठाक."

मला ते पटेना. देवीचं कुंकू, काल वाहिलेलं, ते चिंधीनं पुसायचं? मी सगळी हत्यारं पुसली आणि माझी आवडती लहान पटाशी तेवढी कुंकवासकट तशीच ठेवली. म्हटलं, देवीचा हात राहील आपल्यावर. दुसऱ्याच रेट्याला तेलकट मूठ तळव्यात सटकली आणि धार डाव्या अंगठ्याच्या बुडाशी पांढरं दिसेपर्यंत गेली. डावा हात अर्थात धारेच्या पुढे होता. मिस्त्रींनी हात दाबून धरला, हळद भरली, मुंडाशाचा पदर फाडून बांधला. रागावले नाहीत. रक्त थांबल्यावर म्हणाले, "पूजा काल झाली. देवीनं काल घ्यायचं ते घेतलं. आज काम हाय, आन कामाला मूठ कोरडी लागती." तो व्रण अजून आहे. कुणी विचारलं तर मी विषय बदलतो, का ते पुढे कळेल.

थंडी सरली तशी माझ्या हाताला जरा वळण लागलं. पानं, वेली, कळ्या जमायला लागल्या. मिस्त्री मला चौकटीच्या कडेची वेल करू द्यायचे. कीर्तिमुखाला मात्र हात लावू देत नव्हते. म्हणून मी एका टाकाऊ फळीवर आपला सराव चालवला. गोल गाल, दुहेरी हनुवटी, बारीक डोळे. बाळाशेटच्या नाकाच्या उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी चामखीळ होती. तिच्यावर मी दोन रविवार घालवले. फळी मांडवाच्या मागे गवताखाली दडवून ठेवायचो.

एक दिवस मिस्त्री ती फळी काखेत मारून आले. पेन्सिल कानावरून काढली आणि चामखिळीवर टेकवली.

"राक्षसाला चामखीळ असती व्हय रं?"

मी आधी फळीकडे बघितलं. मग सगळं सांगून टाकलं. गावाच्या टाचा, बाळाशेटचं तोंड, दादाचा हात, घशात येईल तसं बोलत सुटलो. त्यांनी अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "काम चांगलं झालंया. नाक तर हुबेहूब. आता असं कर, जाऊन देवळात बस. लोकं उंबऱ्याशी काय करत्यात ते बघून ये."

मी जाऊन बसलो. एक म्हातारी आली. वाकली, उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि उंबरा ओलांडून आत गेली. मागून एक पैलवान आला, त्यानंही तेच केलं. एक नवी नवरी आली, तिनं उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली आणि डोकं टेकवलं. तासाभरात पन्नासेक माणसं येऊन गेली. एकाचाही पाय उंबऱ्याला लागला नाही. मी जन्मापासून त्याच देवळात जात होतो, मीही रोज वाकून तसाच हात लावत होतो, आणि इतक्या दिवसांत माझ्या टाळक्यात हे शिरलं नव्हतं.

परत आलो तेव्हा मिस्त्रींच्या मिशीत हसू होतं. "आरं, तू त्याचा देव कराया निगालावतास. येडा का खुळा? उद्या त्याला पोराबाळांनी हळदकुंकू वाहिलं असतं." आणि एका रेट्यात त्यांनी ती चामखीळ उडवली. मला इतकी लाज वाटली की दोन रविवार मी मांडवाकडे फिरकलो नाही. पण राग काही कमी झाला नाही. आता त्याला जागाच उरली नव्हती, म्हणून तो उलट वाढला.

दुसऱ्या दसऱ्याला उंबरा बसवायचा ठरला. लाकूड ज्यानं दिलं त्याच्या हातून उंबऱ्यावरची शेवटची एक कपची काढून घ्यायची आणि मग उंबरा बसवायचा, अशी आमच्याकडे रीत. मिस्त्रींनी कीर्तिमुखाच्या डाव्या डोळ्यात तांदळाएवढं लाकूड मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं. देवळासमोर दोन ओंडक्यांवर उंबरा मांडला. गाव जमलं, हलगी वाजत होती, भजनी मंडळी पथारीवर बसली होती. दादाला मी बळंच ओढून आणलं होतं. चपला काढतात तिथे, सगळ्यांपासून लांब, हात उपरण्याखाली घेऊन तो उभा होता.

हत्यारांच्या मुठी राखेनं पुसायचं काम त्याही वर्षी माझ्याकडेच होतं. सकाळी मी चिंध्या घेऊन बसलो. एकेक मूठ घासून कोरडी केली. मग ती लहान पटाशी हातात आली. शेटला कुठलं हत्यार द्यायचं हे मिस्त्रींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, हेच. मी तिच्यावरच्या तेलाकुंकवाकडे बघितलं. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा व्रण बघितला. आणि न पुसता तिला बाजूला ठेवलं.

बाळाशेट जीपमधून उतरला, कडक इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध. "द्या बघू, काय करायचं ते," म्हणत पुढे झाला. मिस्त्री पुजाऱ्याशी नारळाचं काहीतरी बोलत होते. मी पटाशी त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्या हातानं मोगरी पुढे केली. "ही कशाला? एवढंसं तर लाकूड," तो म्हणाला, आणि उजव्या हातात पटाशी धरून डाव्या हाताचा पंजा त्यानं उंबऱ्यावर सपाट टेकवला. धारेच्या बरोबर पुढे.

डावा हात कुठं हाय. दीड वर्ष हे वाक्य माझ्या कानात होतं, ते आता ओठांवर आलं होतं. मी ओठ मिटून घेतले. मला दादाचा हात दिसत होता. मी म्हटलं, जाऊ दे. चार नाही तर दोन तरी जाऊ देत.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. त्यांची नजर आधी पंजावर गेली, मग मुठीवरच्या तेलाच्या चकाकीवर. साठीच्या माणसानं नारळ टाकून झेप घेतली आणि शेटचं डावं मनगट धरून मागे ओढलं. त्याच वेळी शेटनं रेटा दिला. तेलकट मूठ सटकली, पटाशी कीर्तिमुखाच्या डोळ्यातून उसळली आणि जिथे पंजा होता तिथे लाकडात बोटभर लांब खाच पाडून अडकली. हलगी थांबली.

मिस्त्रींनी मनगट सोडलं नाही. तो हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि रोज संध्याकाळी मोजायचे तसे मोजायला लागले. "येक, दोन, तीन, चार, पाच." मग शेटच्या तोंडाकडे बघून विचारलं, "शेट, आज प्यायलायसा काय?"

"देवाच्या दारात काय बोलताय मिस्त्री?" बाळाशेट म्हणाला. "उपास आहे माझा."

"न्हाई ना प्यायला? मग हात कसा जानार व्हता?"

"मूठ घसरली. मूठ घसरली त्यात माझा काय दोष?"

"दोष न्हाईच," मिस्त्री म्हणाले. मनगट सोडून ते चपलांपाशी गेले, दादाला हाताला धरून पुढे आणलं आणि उपरण्याखालचा त्याचा हात बाहेर काढून शेटच्या हाताशेजारी धरला. "हितं पाच. आन हितं..." अंगठ्याला हात लावून म्हणाले, "येक. शेट, चक्रीचा टोप कुठं व्हता?"

बाळाशेट जीपकडे बघायला लागला.

"त्यात मांजर व्याली व्हती म्हनं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाळाशेट खाली बघत म्हणाला, "ओंडका बसत नव्हता. म्हणून काढायला लावला होता."

"आन किसन?"

"नव्हता प्यायलेला."

"मोठ्यानं बोला शेट. पारावर मोठ्यानं बोललावतासा."

"किसन प्यायलेला नव्हता," बाळाशेट म्हणाला. अख्ख्या गावानं ऐकलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. भजनातले सगळ्यात म्हातारे बुवा सरकून बसले आणि पथारीवर हात आपटून दादाला म्हणाले, "ये, बस हितं." दादा जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मी तरंगतच संध्याकाळी मांडवात आलो. मिस्त्री ती लहान पटाशी राखेनं पुसत होते. पुसून झाली, बोटं मोजून झाली, पण चंची काही सोडली नाही.

"मूठ पुसायची इसरलावतास?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांनी मानलंही असतं कदाचित. "नाही," मी म्हटलं.

"त्याचा डावा हात दिसला व्हता?"

"दिसला होता." आणि मग मला राहवलं नाही. "त्यानं माझ्या भावाचा हात घेतला, मिस्त्री."

"व्हय. म्हनून त्याला गावासमोर हुबा केला. तुला कुठं हुबा करू?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्यानं टोप काढला आन गप ऱ्हायला. तू मूठ पुसली न्हाईस आन गप ऱ्हायलास. उद्यापासनं येऊ नगंस."

मी गेलो नाही. मला राग आला होता, त्यांचासुद्धा. पुढे त्यांनी दादाला चिपळ्या करून दिल्या, एका हातानं वाजवता येतात म्हणून, त्यावर वेलीची अशी नाजूक नक्षी की बघत राहावं. दादा मरेपर्यंत त्या वाजवत होता. मला त्यांनी काही दिलं नाही. रस्त्यात भेटलो तर मी राम राम घालायचो, ते मान हलवायचे. उंबऱ्यावरची ती खाच लाख आणि भुसा भरून बुजवून टाका, असा बाळाशेटनं दोनदा निरोप पाठवला. मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कुनीतरी इचारील." बाळाशेटचं गावात येणं हळूहळू बंद झालं. तो गेला तेव्हा मी त्याच्या दहाव्यालाही गेलो नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करायचा विचारही नाही.

मिस्त्री सात-आठ वर्षांनी तापानं गेले. तिरडीवर ठेवलं तेव्हा त्यांचे हात छातीवर होते. मी गर्दीत उभा राहून बोटं मोजली. दहाच्या दहा होती. दिवस झाल्यावर मिस्त्रीणबाईंनी मला बोलावून फडक्यात गुंडाळलेली ती लहान पटाशी हातात दिली. म्हणाल्या, "ही तुजी म्हनून येगळी ठिवलीवती त्यांनी. दर दसऱ्याला समदी हत्यारं पुजली, पर हिला काय तेल लावू दिलं न्हाई. म्हनायचे, सदा आला तर कोरडी असाया पायजे."

इतकी वर्षं ते वाट बघत होते आणि मी रस्त्यावरून राम राम घालत होतो.

खाच अजून तिथेच आहे. नमस्काराला वाकणाऱ्याचं बोट तिच्यात जातं आणि तो विचारतो, हे काय झालं. लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. मी सगळं रंगवून सांगतो. जीप, उपास, मांजराची पिल्लं, मोठ्यानं बोला शेट. ऐकणारा बाळाशेटला शिव्या घालत जातो आणि मला बरं वाटतं. मूठ तेलकट कशी राहिली, एवढंच मी गाळतो. मिस्त्रींनीही ते शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. आता मिस्त्री नाहीत, दादा नाही, बाळाशेटही नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. ती मूठ मी पुसायची होती. आणि डावा हात कुठं होता, ते मला दिसत होतं.